कद्दूची वर्दी

तेरमध्ये त्या काळी इरम्माला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि तिला पोहता येत नव्हतं. आता यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगण्यासारखं एवढंच, की पावसाळ्यात तेरणेच्या पुरातून माणसं पलीकडे नेणारी सात जणांची टोळी होती आणि त्या टोळीत आठवं नाव इरम्माचं धरत. सात जण पाण्यात, आठवी काठावर. घोट्याच्या वर पाणी तिनं जन्मात लावून घेतलं नाही.

ती आळंदच्या बाजूची. ज्या गावात विहिरीला तळ दिसायचा आणि नदी म्हणजे काय हे गोष्टीत ऐकायचं, अशा गावातून ती वीरप्पाची बायको होऊन तेरला आली. बोली कानडी. ‘मीठ’ आणि ‘गूळ’ एवढे दोन मराठी शब्द येत होते, कारण वीरप्पाचं किराणा दुकान होतं. आली ती श्रावणात. बैलगाडी काठाशी थांबली, तिनं पदर थोडा वर करून बघितलं, तर समोर सगळी जमीनच उठून चालायला लागलेली. ती घाबरली नाही. तिला झोप यावी तसं गोड वाटलं. पुढं म्हातारपणीसुद्धा ती सांगायची, की त्या दिवशी माझं लग्न लागलं ते नदीशी, वीरप्पाशी आधीच लागलं होतं.

वीरप्पाच्या घराचं परसदार नदीकडं होतं. इरम्मानं तिथं भोपळ्याचं बी टोचलं. वेल छपरावर चढले, भोपळे लोंबायला लागले, खाऊन उरले ते तिथंच वाळले. एका दुपारी बंडप्पा नावाचा उंच, कमी बोलणारा शेतकरी दारात आला आणि दोन वाळके भोपळे मिळतील का म्हणून विचारू लागला. सांगडीसाठी हवे होते. सांगड म्हणजे दोन भोपळे, मधे काथ्याचा दोर. भोपळे बगलेखाली घ्यायचे, दोर छातीशी बांधायचा, छाती पाण्यावर टेकायची आणि पोहणाऱ्याच्या हातात हात द्यायचा. बाकीचं पोहणारा बघतो. बाजारच्या दिवशी, बाळंतपणाला, मयताला, माणसाला पलीकडे जावंच लागतं, आणि पूर काही त्याच्यासाठी थांबत नाही. बंडप्पा आणि त्याचे सहा सोबती हे काम पुण्याईचं म्हणून करत. कुणी काही देऊ केलं तर सातही जण हसून मान हलवत आणि धोतर पिळायला लागत.

त्या दिवसापासून भोपळे इरम्माचे झाले. तिनं त्याची एक रीतच घालून दिली. भोपळा आधी कानाशी धरून हलवायचा. आतलं बी खुळखुळलं तर वाळला, नाहीतर परत छपरावर. मग बोटानं वाजवून बघायचा. मग दगडी डोणीत दोन्ही हातांनी दाबून बुडवायचा आणि शंभरपर्यंत आकडे म्हणायचे. बुडबुडा आला की तो भोपळा गळका. तो फोडून बी पुढच्या वर्षाला. आणि जे पार पडतील त्यांच्यावर श्रावणातल्या सोमवारी विभूतीची तीन बोटं ओढायची. ही शेवटची रीत तिच्या माहेरची होती. तिकडं तराजूला, नांगराला, नव्या घागरीला, सगळ्याला विभूती लावत. महादेवाचा हात लागला की वस्तू आपली होते, असं तिची आई म्हणायची.

भोपळा कानाशी धरला की इरम्मा हरवायची. आत काहीतरी वाहतंय असं तिला ऐकू यायचं. गिऱ्हाईक गूळ मागायचं आणि ही मीठ द्यायची. वीरप्पा बिचारा मीठ काढून गूळ बांधायचा आणि म्हणायचा, बाईसाहेब आत्ता पाण्यात आहेत. दुपारी ती जरा लवंडली की तिला एकच स्वप्न पडायचं. नदी हळूच परसातून घरात आली आहे, चुलीपाशी, देव्हाऱ्यापाशी उभी आहे, सगळे भोपळे तिच्यावर तरंगताहेत आणि इरम्मा स्वतः इतकी हलकी झाली आहे की तिला धरायला कुणी नको. जागी झाल्यावर तिला दोन घटका चांगलं वाटत राहायचं.

असा वीस वर्षांचा काळ गेला. राज्य निजामाचं, लढाई कुठंतरी लांब चाललेली, रॉकेल मिळेना, पण तेरणेला त्याचं काही नव्हतं. ती आपली दर वर्षी यायची.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी श्रावण सुरू व्हायच्या आधीच पाऊस लागून राहिला आणि विहिरीचं पाणी गढूळ झालं. गढूळ पाण्यात बुडबुडा नीट दिसत नाही, म्हणून इरम्मानं भोपळे बुडवायचं काम चार दिवस पुढं ढकललं. सोमवार मात्र पुढं ढकलता येत नाही. मठातले चन्नबसप्पा नुकतीच ताजी विभूती देऊन गेले होते, मऊ आणि पांढरीशुभ्र. तिनं ती पाण्यात कालवली आणि हौसेनं जाडजूड लावली. तीन बोटांवर भागलं नाही, बावीसही भोपळे निम्मे पांढरे करून सोडले. ते छपराखाली ओळीनं वाळत पडले तेव्हा तिला वाटलं, नदी यांना बघून हसेल.

मग गुरुवारी पाणी निवळल्यावर तिनं एकेक भोपळा डोणीत बुडवला. शंभर आकडे म्हटले. बावीस भोपळ्यांत एकही बुडबुडा आला नाही. दर वर्षी दोनतीन तरी गळके निघायचे, यंदा एकही नाही. इथं तिला शंका यायला हवी होती. आली नाही. उलट तिनं वीरप्पाला कौतुकानं सांगितलं, की यंदाचा वेल गुणी आहे.

शनिवारी गोरोबा पलीकडे निघाला. गोरोबा कुंभार, पन्नाशीचा, शांत माणूस. त्याच्या लेकीचं सासर पलीकडच्या गावात. ती तिसऱ्या खेपेला बाळंत झाली होती आणि बाळंतीण अशक्त आहे असा निरोप आला होता. त्याची बायको कस्तुराबाई दुसऱ्या दिवशी जाणार होती, आधी हा बघून येणार होता. बंडप्पानं त्याला सांगडीवर घेतलं. काठावर इरम्मा नेहमीसारखी उभी होती. नदीच्या मधोमध गेल्यावर गोरोबाची डावी बाजू खाली गेली. त्यानं घाबरून बंडप्पाच्या मानेला मिठी मारली, दोघं दिसेनासे झाले आणि बऱ्याच खाली बंडप्पा एकटाच वर आला. गोरोबा तिसऱ्या दिवशी वळणावरच्या बाभळींत सापडला. सांगड त्याच्या अंगाला तशीच होती.

गावात कुणी बुडालं की चावडीवर वर्दी द्यावी लागे. आण्णासाहेब पाटील ती ऐकत, पटवारी उर्दूत लिहून घेई आणि कागद तालुक्याला जाई. आण्णासाहेब भला माणूस. इतक्या वर्षांत जेवढे बुडाले तेवढ्यांच्या नावापुढं त्यांनी एकच कारण लिहवलं होतं, कजा-ए-इलाही. देवाची मर्जी. त्यानं काय व्हायचं, की तालुक्याचा फौजदार, म्हणजे अमीनसाहेब, गावात यायचा नाही, घरच्यांना कुणी प्रश्न विचारायचं नाही आणि रडणाऱ्यांना रडू मिळायचं. गोरोबाच्या नावापुढंही कजा लागली आणि कागद टपालाच्या पिशवीत गेला.

पण कागदावर कजा असली तरी पाणवठ्यावर कजा चालत नाही. तिथं माणसाला माणूस लागतो. बंडप्पानं हात सोडला, असं कुणीतरी म्हटलं आणि आठ दिवसांत ते सगळ्यांनी बघितल्यासारखं झालं. बंडप्पानं एकदाच सांगितलं होतं, की भोपळा जड झाला. लोक म्हणाले, भोपळा कसा जड होईल? त्यानं पुन्हा सांगितलं नाही. तो नदीकडं पाठ करून बसायला लागला, वावरात गेला तर लांबच्या वाटेनं. वीस वर्षांत त्यानं किती माणसं पलीकडे नेली याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता, आणि आता कुणाला तो आठवतही नव्हता. खरं सांगायचं तर इरम्मालासुद्धा त्याचा राग आला होता. स्वतःचा हात झाकायला हा माझ्या भोपळ्याच्या आड लपतोय, असं तिच्या मनात आलं आणि ते तिनं वीरप्पाला बोलूनही दाखवलं.

सांगड कुणीतरी तिच्या परसात आणून टाकली होती. तिला हात लावायचं इरम्माला धैर्य होईना. पंधराव्या दिवशी दुपारी तिला डोळा लागला आणि नेहमीचं स्वप्न पडलं. नदी घरात आली, देव्हाऱ्यापाशी उभी राहिली, भोपळे तरंगले. फक्त एक तरंगेना. तो चुलीपाशी तळाला जाऊन बसला आणि त्याच्या आतून कुणीतरी खोकल्यासारखा आवाज आला. ती उठली ती सरळ परसात गेली. डावा भोपळा उचलून कानाशी धरला. बी खुळखुळलं नाही. आत पाणी हललं.

डोणीपाशी बसून तिनं त्याच्यावरची उरलीसुरली विभूती अंगठ्यानं धुतली. खाली केसासारखी चीर होती, देठापासून पोटापर्यंत. विभूतीचा लेप तिच्यात बसला होता. शंभर आकड्यांपुरता तो टिकला. नदीत जास्त वेळ लागतो, तिथं तो विरघळला. एवढं कळायला तिला फार वेळ लागला नाही. मग तिनं बाकीचे भोपळे धुवून पुन्हा बुडवले. आणखी दोन गळके निघाले. ते दोन घेऊन त्या पंधरा दिवसांत कोण कोण पलीकडे जाऊन आलं असेल ते ती बोटांवर मोजत बसली.

वीरप्पानं ऐकून घेतलं आणि दाराला कडी लावली. त्याचं म्हणणं असं, की कागद गेलेला आहे, कजा लिहिलेली आहे, दोन गळके फोडून टाक आणि गप्प बस. अमीनानं तुला नेलं तर मी काय दुकान चाटू? त्याची भीती खोटी नव्हती. इरम्मालाही भीती वाटत होती, पण तुरुंगाची कमी. भोपळ्याची इरम्मा म्हणून तिला गाव ओळखत होतं. तेवढं गेलं की तिच्याजवळ मीठ आणि गूळ उरणार होता. रात्रभर ती त्याचा विचार करत पडली आणि सकाळी त्याच भोपळ्याला पदरात गुंडाळून चावडीवर गेली. बाया चावडीची पायरी चढत नसत. ती चढली.

आण्णासाहेबांनी तिला आधी पाणी दिलं, मग समजावलं. झालं ते झालं, उकरून काय मिळणार, म्हणाले. तिनं भोपळा त्यांच्यासमोर ठेवला आणि बोटानं चीर दाखवली.

“कजा लिहू नका, आण्णासाहेब. भोपळा लिहा.”

“वैनी, बांधला कुणी?”

“म्या.”

“राख लावली कुणी?”

“म्याच. आधी लावली, मग बुडवून बघितलं. दर साली आधी बुडवून बघते, मग लावते. ह्या साली उलटं केलं. तेवढं लिहा. बंडप्पानं हात सोडला न्हाय, भोपळा जड झाला हुता, ते बी लिहा.”

पटवाऱ्याची पंचाईत झाली. उर्दूत भोपळ्याला कद्दू म्हणतात. ‘कद्दूमुळे माणूस फौत झाला’ असं लिहिलं तर अमीनसाहेब कागद खाली पडेस्तोवर हसतील, असं तो म्हणाला. इरम्मा म्हणाली, हसू द्या. मग त्यानं लिहिलं. तिनं अंगठा दिला. जुना कागद रद्द करायला नवा कागद, अशी ती वर्दी तालुक्याला गेली आणि गावानं तिचं नाव ठेवलं कद्दूची वर्दी. पुढं महिनाभर पोरीबाळी सुद्धा ते नाव घेऊन हसत होत्या. इरम्मा पाण्याला गेली की कुणीतरी मागून घागर वाजवायचं.

तालुक्याहून उत्तर आलं ते एका ओळीचं. कद्दू जप्त केला आहे काय? केला नव्हता. मग तो भोपळा फडक्यात बांधून, वर लाखेची मोहर लावून, बैलगाडीत एकट्याला बसवून तालुक्याला पाठवला गेला. तेरचे लोक ते दृश्य बघायला रस्त्यावर उभे होते. त्यानंतर कचेरीतून काहीही आलं नाही.

आलं ते दुसरीकडून. चन्नबसप्पा दारात उभे राहिले आणि आत न येता बोलले. महादेवाच्या विभूतीनं माणूस बुडाला असं तू सरकारला लिहून दिलंस, मठाची मान खाली घातलीस. इरम्मानं त्यांना वाकून नमस्कार केला आणि सांगितलं की विभूतीनं नाही, माझ्या घाईनं. त्यांना ते पटलं नाही.

आणि कस्तुराबाई आली. ती ओसरीवर बसली, पदर डोक्यावर घट्ट घेतला आणि बराच वेळ रिकाम्या डोणीकडं बघत राहिली. इरम्मा तिच्या पायाशी बसली. शेवटी कस्तुराबाई बोलली ती अगदी हळू, झोपेत बोलावं तशी.

“त्यास्नी पाण्याचं लई भ्या वाटायचं. त्या दिशी म्हणले, इरम्मानं विभूती वढलीया, मग कशाला भ्यायचं. म्हणून गेले.”

इरम्माची नजरही डोणीकडं गेली.

“कजा म्हणले तवा मला झोप लागत हुती,” कस्तुराबाई म्हणाली. “तू ती बी नेलीस.”

ती उठून गेली. इरम्मा तिथंच बसून राहिली. आपण खरं सांगितलं याचं तिला त्या क्षणी काडीचंही समाधान वाटलं नाही. तिला वाटलं, गोरोबाला मी एकदा नदीत बुडवलं आणि एकदा चावडीवर.

त्या दिवसापासून भोपळ्यांना विभूती लागली नाही. बुडवून बघायचं काम तिनं घरातून काढून काठावर नेलं. डोणी उचलता येईना म्हणून वीरप्पानं कुरकुरत दुकानातली मोठी कढई दिली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकेक भोपळा त्यात जाऊ लागला. आता शंभर नाही, पाचशे आकडे. मन लावून, मोठ्यानं. आकडे म्हणताना तिची नजर पाण्यावर असायची आणि कधीकधी तिला वाटायचं, आपण आकडे म्हणत नसून नदीला झोपवतोय.

पण उघडे, तपकिरी भोपळे बघून लोकांना कापरं भरायचं. विभूती नाही, महादेव नाही, नुसत्या भोपळ्यावर जीव कसा टाकायचा? त्यातून बंडप्पा. इरम्मा त्याच्या घरी जाऊन बोलून आली होती. माझ्याही मनात तुझ्याबद्दल वाईट आलं होतं, हेही तिनं त्याला सांगून टाकलं. पुढच्या शनिवारी तो काठावर आला आणि कंबरभर पाण्यात जाऊन उभा राहिला. कागदावर त्याच्यावरचा ठपका निघाला होता, लोकांच्या मनातून निघाला नव्हता. पलीकडे बाजाराला जाणारी माणसं झाडाखाली बसून राहिली. बाकीचे सहा पोहणारे एकमेकांकडं बघत होते. तो शनिवार तसाच गेला. दुसराही गेला. बंडप्पा सकाळपासून दुपारपर्यंत पाण्यात उभा राहायचा, कुणी यायचं नाही, मग तो धोतर पिळून घरी जायचा. बोटं पांढरी पडलेली असायची.

तिसऱ्या शनिवारी आभाळ उघडं होतं आणि नदीवर ऊन असं पसरलं होतं की पलीकडचा काठ खरा आहे का नाही ते कळेना. कस्तुराबाई हातात टोपडं आणि बाळंतविड्याचं गाठोडं घेऊन आली. बाळंतपण झाल्यापासून लेकीला तिनं बघितलंच नव्हतं. झाडाखालची माणसं उठून उभी राहिली. ती कुणाकडं न बघता कढईपाशी आली.

“बुडवून बघितलास?”

“व्हय.”

“परत बघ.”

इरम्मानं परत बुडवले, दोन्ही भोपळे. पाचशे आकडे म्हटले. कस्तुराबाई वाकून पाण्यात बघत होती, शेवटपर्यंत. बुडबुडा आला नाही. इरम्मानं सांगड तिच्या छातीशी बांधली. गाठ मारून तिनं ती ओढून बघितली, मग कस्तुराबाईनंही ओढून बघितली. गाठोडं तिनं डोक्यावर बांधून घेतलं.

ती पाण्यात उतरल्यावर सहा जणांतला एक पोहणारा चटकन पुढं झाला. चला आक्का, मी नेतो, म्हणाला. कस्तुराबाईनं मान हलवली आणि आणखी दोन पावलं आत गेली, जिथं बंडप्पा उभा होता. तो मागं सरकला. तिनं हात पुढं केला आणि बंडप्पानं तो धरेपर्यंत तसाच पुढं ठेवला.